टोपीचा रंग अक्षरांत लिहून मिळण्याबाबत

प्रति,
मा. न्यायाधीश,
संघीय जिल्हा न्यायालय,
ब्रुकलिन, न्यूयॉर्क.

विषय : टोप्यांच्या कंपनीवरचा माझा दावा परस्पर मिटवू नये, याबाबत.
संदर्भ : माझे वकील श्री. डेलुका यांचे 'सही करा' असे तीन फोन.

महोदया,

मी ओझेला ग्रिम्सली, वय ७८, शिक्षण तिसरी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. वकील 'दृष्टिबाधित' लिहितात. मी आंधळी म्हणते, लवकर म्हणून होतं. चर्चमध्ये मला सगळे 'मदर' म्हणतात. तो मान आहे, वय नव्हे.

१. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मदर मंडळी टोपीपासून बुटांपर्यंत नखशिखांत पांढऱ्यात असतो. त्यासाठी मी सदर कंपनीच्या वेबसाइटवर टोपी घ्यायला गेले. माझा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो. त्याने वाचलं, "चित्र. बटण. बटण. बटण." कोणतं बटण कोणत्या रंगाचं, ते लिहिलेलंच नाही. पांढऱ्याचा मान पहिला, असं धरून मी पहिलं बटण दाबलं.

२. टोपी आली. पिसं उत्तम, बसलीही उत्तम. त्या रविवारी सून सकाळीच कामावर गेली होती, मी एकटीच चर्चला निघाले आणि पहिल्या बाकावर बसले. सिस्टर लुवेनिया म्हणाली, "मदर, आज अगदी उठून दिसताय हं!" पास्टरसाहेब म्हणाले, "लांबूनच ओळखलं!" मी मान आणखी ताठ केली. दोन तासांनी, चर्चच्या खालच्या हॉलमध्ये जेवताना, उशिरा आलेली माझी धाकटी बहीण कानाशी लागली : "अगं ओझी, लालभडक आहे टोपी!" लुवेनिया मदर मंडळाच्या अध्यक्षपदासाठी माझ्याविरुद्ध उभी आहे, याची न्यायालयाने नोंद घ्यावी.

३. कंपनीचे वकील म्हणतात, "घरात सून आहे, तिला विचारायचं." महोदया, मी पाच मुलं वाढवली, दोन नवरे पुरले, आणि दोन्ही वेळी टोपी माझी मी निवडली. सुनेच्या पसंतीने घेतली की ती सुनेची टोपी. माझ्या डोक्यावर नुसती ठेवलेली. (हा अर्ज सूनच टाइप करते आहे. आत्ता खाकरली. तेही लिही म्हटलं.)

४. कंपनी म्हणते, वेबसाइटवर 'अंध ग्राहकांचे स्वागत' असं ठळक लिहिलं आहे. आहे, पण चित्रात. माझ्या फोनने स्वागत केलं, "चित्र."

५. माझ्या वकिलांबद्दलही लिहिणे भाग आहे. त्यांचे असे दीडशे दावे आहेत. एकावरून दुसरा उतरवताना माझ्या दाव्यात 'अर्जदारास मासेमारीचे गळ हवे होते' असं राहून गेलं. मी जन्मात गळाला हात लावलेला नाही. आता तडजोडीचा कागद आलाय, तोही फोटो काढून. सुनेने वाचला : पैसे घ्या, गप्प बसा. रंगाबद्दल एक अक्षर नाही.

तरी विनंती की, येत्या शुक्रवारच्या तारखेला दावा निकाली काढू नये. मला पैसे नकोत. प्रत्येक बटणावर रंगाचं नाव हवं. तसेच कंपनीच्या मालकांनी आपल्यासमोर डोळे बांधून, माझ्या फोनवर, स्वतःच्याच दुकानातून पांढरी टोपी मागवावी. पांढरी आली तर दावा मागे. दुसरी कुठली आली तर ती घालून त्यांनी आमच्या पहिल्या बाकावर बसावं.

तोवर मी चर्चमध्ये उघड्या डोक्याने बसणार. माझा माथा दुसऱ्या नवऱ्यानेसुद्धा धड पाहिलेला नाही. कुणी विचारलं तर सांगेन, "कोर्टाला विचारा." आमच्या चर्चला चारशे माणसं येतात, आणि फोन सगळ्यांकडे आहेत.

आपली नम्र, पण सही न करणारी,
(अंगठा) मदर ओझेला ग्रिम्सली
१४ एप्रिल

सोबत : सदर टोपी, एक. पिसं मोजून पाठवली आहेत.