तेलरंगाची मडकी

बोईसर
३ डिसेंबर २०२३

ती. शशीताईस,
सुलूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

वैशाखात आई देवघरातल्या पिंडीवर तांब्याची गळती टांगायची, आठवतं? शाळेला सुट्टी लागलेली, आणि आपण दोघी गार लादीवर पालथ्या पडून पुढचा थेंब कधी पडतो याची वाट बघायचो. तू छातीठोकपणे सांगायचीस की आता पडणार, आणि तो नेमका पडायचा नाही. आई आतून ओरडायची की देवाकडे बघा, थेंबाकडे काय बघता.

आज ते सगळं आठवलं, कारण मी आता माळावर थेंब टाकायला निघाले आहे. बेटेगावच्या आतला बाबांचा माळ तू गुडघ्यामुळे यंदा पाहिला नाहीस, पण श्रावणात मी तिथे साठेक रोपं लावली. आंबा, जांभूळ, चिकू, काजू, आणि आईला आवडायचा म्हणून टोकावर एक देवचाफा. तिथे ना विहीर, ना वीज. ओहोळ आताच आटलाय. खालच्या पाड्यावरची लाडकी आणि तिचा नवरा बुधा आजवर घागरी वाहत होती, पण ती दोघं पुढच्या आठवड्यात वीटभट्टीवर निघाली. लाडकी म्हणाली की बाय, आमी हाय तवर पाणी घालू, मंग तुमी काय करशाल.

आणि बळवंतदादा तर टपूनच बसलाय. कुणी गोदामवाला त्याच्या मागे लागलाय. सातबाऱ्यावर आपण तिघं आहोत, म्हणून माझ्या सहीसाठी तो थांबला आहे एवढंच. त्याने अट घातली. अक्षय तृतीयेला तो येऊन स्वतः मोजणार. निम्म्याहून जास्त झाडं जिवंत असली तर विक्रीचं नाव काढणार नाही. नसली तर मी मुकाट्याने सही करायची, आणि रडायचं नाही, हे त्याने दोनदा बजावलं. मी हो म्हटलं.

पण ताई, मला उपाय सापडलाय. रेडिओवर एक बाई सांगत होत्या. रोपाशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं. मातीतून पाणी झिरपतं आणि मुळं ते पितात. एकदा भरलं की आठवडाभर बघायला नको. मी कुंभाराकडे साठ मडकी सांगून आले. त्याने विचारलं की लग्न कुणाचं आहे. मला रात्री झोप येईना इतका आनंद झालाय.

तुझं कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं, तेव्हा आपलं हेच बरं. प्रणव कारखान्यात जाता-येता डब्याच्या पिशवीतून टपाल नेतो आणि कुरकुरत नाही, हे तुझेच संस्कार.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सुलू


तारापूर
६ डिसेंबर २०२३

चि. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भाजीच्या तेलासकट पोचलं. वाचून मी हसले आणि मग काळजीत पडले. या वयात साठ मडकी पुरायला निघालीस, तुझी कंबर कुणाची? कुणा धडधाकट माणसाला बरोबर घे. बळवंतचं मनावर घेऊ नको. तो लहानपणीही पैज लावायचा आणि हरला की जेवायचा नाही. तरी अट अट आहे, हे लक्षात ठेव. त्याच्या जागी मी असते तर मीही मोजलं असतं.

माळ विकला जाऊ नये असं मलाही वाटतं. बाबा तिथे दर रविवारी नुसते जाऊन बसायचे. काय करायचे विचारलं तर म्हणायचे, वारा खातो.

उन्हाची टोपी घाल. तब्येतीचं खरं खरं कळवत जा, गोड गोड नको.
तुझी,
शशीताई


बोईसर
१४ जानेवारी २०२४

ती. शशीताईस,
सुलूचा शि. सा. न. वि. वि.

उद्या संक्रांत, तिळाच्या वड्या पिशवीत आहेत. प्रणवने वाटेत किती खाल्ल्या ते तूच मोज.

मडकी पुरून झाली! रिक्षावाला रूपेश आणि त्याची बायको तेजल, दोघं आठवडाभर माझ्याबरोबर खणत होती. रूपेश आता दर रविवारी पाण्याचे कॅन रिक्षातून पायथ्यापर्यंत आणतो. प्रवासी विचारतात की मावशी टँकर चालवतात काय.

आणि दिसतात किती सुंदर! ग्रिलचा पांढरा तेलरंग उरला होता, आणखी दोन डबे आणले आणि प्रत्येक मडकं आतून-बाहेरून, बुडापर्यंत रंगवलं. तेजलने विचारलं की जमिनीत जाणाऱ्या भागाला कशाला रंग. मी तिला आपल्या हस्तकलेच्या सिस्टरांचं सांगितलं, की जे दिसत नाही तेही नीटनेटकं असावं. गळ्यावर निळ्या रंगात घरातल्या सगळ्यांची नावं घातली, शाळेतल्या वळणदार अक्षरात. तुझं जांभळाला, बळवंतदादाचं पायवाटेजवळच्या चिकूला, म्हणजे त्याला चालायला नको.

आणि गंमत ऐक. तीन आठवडे झाले, मडक्यांतलं पाणी बोटभरही उतरलेलं नाही. रेडिओवरच्या बाई आठवडा म्हणाल्या होत्या. आपली माती काटकसरी निघाली. पानं जरा मलूल दिसतात, पण थंडीने असावं. या वेगाने मी दादाला पैज हरवून वर जेवायलाही घालीन.

माझं कौतुक करायला विसरू नकोस, आणि ओरडायचं असेल तर हळू.
तुझी,
सुलू


तारापूर
१५ जानेवारी २०२४

चि. सुलूस,
आशीर्वाद.

प्रणवला आज उलट पावली पाठवते आहे, पत्र आधी वाच, जेवण मग.

अगं वेडे, मडक्यातलं पाणी उतरलं नाही म्हणजे झाडाने प्यायलेलं नाही. मडकं झिरपतं असं पहिल्या पत्रात तूच लिहिलंस, आणि तेलरंगाने त्याची सगळी छिद्रं तूच बुजवलीस. सातवीत प्रदर्शनासाठी घरातल्या माठावर गुलाब काढले होतेस, आठवतं? बक्षीस मिळालं, आणि बाबा सबंध उन्हाळा कोमट पाणी प्यायले. घोट घेऊन म्हणायचे, फुलं छान आहेत. तुझी रोपं मलूल आहेत ती थंडीने नव्हे, तहानेने.

आता रडत बसू नको. रंग खरवडायचा नाही, जन्म जाईल. मडकी बाहेर काढ, बुडाला एकेक भोक पाड आणि वात घाल, आईच्या गळतीत असायची तशी. वात जाड तर पाणी भरभर, बारीक तर थेंब थेंब. प्रणवच्या कारखान्यात बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन आहे. साहेबाला विचारून तो रविवारी घेऊन येतो.

वातींसाठी कापड सोबत आहे. ह्यांची पूजेची धोतरं. अकरा वर्षं घडी करून कपाटात ठेवली होती, दर दिवाळीला ऊन दाखवायचं आणि परत ठेवायचं. जुनं सुती कापड पाणी चांगलं ओढतं. मागेपुढे बघू नको, काप.

माझा जीव तुझ्या त्या मडक्यांत अडकला आहे, तेव्हा लवकर लिही.
तुझी,
शशीताई


बोईसर
१० मार्च २०२४

ती. शशीताईस,
सुलूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खरंच जेवले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. भोकं पाडताना नऊ मडकी फुटली. प्रणव प्रत्येक वेळी सॉरी सुलूमावशी म्हणायचा, आणि रूपेश हिशेब ठेवल्यासारखा मान हलवायचा. भावोजींचं धोतर कापताना माझा हात थांबला, मग तेजलने कात्री घेतली.

ताई, थेंब पडतो. मी एक मडकं दगडांवर ठेवून खाली पालथी पडून पाहिला. या वयात, माळावर, पोटावर! रूपेश दुसरीकडे बघत उभा राहिला.

पहिल्या वाती जाड झाल्या, दोन दिवसांत मडकी कोरडी. बारीक केल्या, आता रविवार ते रविवार पुरतं. पण उशीर फार झाला होता. काजू जवळजवळ सगळे गेले. आंबे तगले, चिकूंना पालवी आहे, तुझं जांभूळ तुझ्यासारखंच हट्टी आहे. चाफा मात्र नुसती काठी झालाय. निम्मी आहेत की नाहीत, मोजायचं धाडस होत नाही.

तुझा राग गेला असेल तर तसं लिही, गेला नसेल तर लिहू नकोस.
तुझी,
सुलू


बोईसर
११ मे २०२४

ती. शशीताईस,
सुलूचा शि. सा. न. वि. वि.

काल दादा आला. छत्री, पाण्याची बाटली, पांढरे बूट. पाणीही न पिता माळ चढला आणि मोजायला लागला. मी मागे मागे. वाळक्याला वाळकं म्हणायला तो कचरत नव्हता, आणि खरं सांगते, हिरव्यालाही नाही. शेवटी टोकाला आलो तेव्हा बरोबर निम्मी भरली. निम्म्याहून जास्त नाहीत. त्याने चाफ्याच्या काठीकडे पाहिलं आणि म्हणाला की सुलू, ठरलं होतं. मी हो म्हटलं. रडले नाही.

मग काय वाटलं त्याला, कोण जाणे. झाडांत वाढलेला तो, हात गेलाच. त्याने काठीला नखाने ओरखडा काढला, आणि पांढराशुभ्र चीक आला. बोटावरचा तो चीक बघत त्याने आकड्यात एक मिळवला. म्हणाला की चाफा पानं टाकतोच, हे मला तू नाही तर कोण सांगणार होतं. मी म्हटलं, तू मोजत होतास. त्याने बोट रुमालाला पुसलं, बाटलीतलं पाणी चाफ्याच्या मडक्यात ओतलं, आणि पुढच्या रविवारी रिक्षा किती वाजता निघते ते विचारलं. गोदामवाल्याला त्याने तिथूनच फोन केला. दोन वाक्यांत संपला. मग घरी येऊन तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. यंदा हरूनही जेवला.

अक्षय तृतीयेला आईच्या नावाने पाण्याचा घट द्यायचा, तो यंदा कुणाला द्यायचा हे मी विचारणार होते. पण माळभर दिलेलेच आहेत.

आता वाटण्या. ड्रिल मशीन साहेबाला परत, सोबत वड्यांचा डबा, प्रणवने वाटेत उघडायचा नाही. कुंभाराकडून नवी न रंगवलेली मडकी आणलीत, त्यातलं मोठं लाडकीला, ती भट्टीवरून आली की थंड पाण्याने भरून. पाड्याकडच्या कडेचे आंबे तिचे आणि बुधाचे, दादालाही मान्य आहे. पायवाटेजवळचा चिकू दादाचा. तेजलला कात्री, ती तिनेच कमावली. चाफ्याचं पहिलं फूल आईच्या पिंडीला. ती तुझ्याकडे आहे, तेव्हा तुलाच.

आणि भावोजींच्या धोतराचा काठ मी कापू दिला नाही. घडी करून पिशवीत तळाशी ठेवला आहे, डब्याखाली नाही. तो कुणाला द्यायचा नाही. त्याची वातही करायची नाही.

अशीच रागावत राहा.
तुझी,
सुलू