केळ्यातली गोळी

प्रिय छोटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घरी सगळे ठीक आहेत. म्हणजे जंत झालेत, पण ठीक आहेत.

सुरुवात भुऱ्यापासून झाली. नवे शेजारी पहिल्यांदाच चहाला आले होते आणि हा कुत्रा बैठकीच्या सतरंजीवर बूड घासत त्यांच्या पायांपर्यंत गेला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला गोळी दिली. बाबांचंही पोट बरेच दिवस कुरकुरत होतं, म्हणून त्यांची तपासणी केली, तर त्यांनाही जंत. दोघांचे जंत एकच असतील असं नाही, असं आमचे डॉक्टर म्हणाले, पण बाबांनी लगेच भुऱ्याची बाजू घेतली: त्याला बोलू नका, माझ्यामुळेच झाले असतील बिचाऱ्याला! डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी गोळी घ्यायला सांगितली. एक जण जरी राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून.

मी आणि तुझ्या भावजींनी मुकाट्याने चघळली. बाबा म्हणाले, या वयात पोटात कोणी सोबतीला असेल तर असू दे. मी समजावलं, रडकुंडीला आले, मग तुझ्या भावजींनी सुचवलं की भुऱ्याला देतो तशीच द्यावी. वडिलांना फसवून औषध द्यावं का, यावर मी डायरीत दोन पानं भरली. शेवटी गोळी कुस्करून केळ्याच्या टोकात भरली आणि केळं त्यांच्या हातात दिलं.

आता तूच सांग, बाबांचा पहिला घास कोणाचा असतो? इतकी वर्षं रोज बघतेय मी! भुऱ्याने ते टोक मिटक्या मारत गिळलं. सकाळीच त्याची स्वतःची गोळीही झाली होती. मी किंचाळले, तेव्हाच सगळं उघडं पडलं. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वजन विचारलं, लक्ष ठेवायला सांगितलं आणि मग बराच वेळ हसले. भुऱ्या दिवसभर दुसऱ्या केळ्याची वाट बघत माझ्यासमोर बसून होता.

बाबा मात्र दुखावले. मला कुत्र्यासारखं फसवतेस, म्हणाले. मग म्हणाले, छोटी तर कुत्र्यालाही फसवत नाही. समोर बसते, त्याच्याशी बोलते, मग देते.

छोटे, तुला पाहुण्यांसमोर ढोरांची डॉक्टर म्हणून हिणवणारे हेच बाबा. त्या दिवशी तू ताटावरून उठून गेलीस, त्यानंतर तुमचं बोलणं नाही. तू कधी कुठल्या जनावराशी बोललीस हे त्यांनी पाहिलं कधी, कोण जाणे.

काल स्वतःहून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, तिला लिही, भुऱ्या फार आजारी आहे, ताबडतोब ये. फोन नको, फोनवर ती प्रश्न विचारेल. मला खोटं लिहायला जमत नाही, हे तुला माहीत आहे. भुऱ्या ठणठणीत आहे. बाबांची गोळी फडताळात आहे आणि ती ते फक्त तुझ्या हातून घेणार आहेत. तू आलीस की आम्हीही त्यांच्याबरोबर पुन्हा चघळू. आल्यावर भुऱ्याची चौकशी जरा काळजीच्या सुरात कर. बाबा त्याला आजारी पडायला शिकवताहेत, पण त्याची शेपटी काही थांबत नाही.

तुझीच,
केळी आणणं बंद केलेली ताई