बाहेर झोपणाऱ्या रायफलीची व्यवस्था

दिनांक १४ जानेवारी १९४०, दुपारी सव्वादोन वाजता, लाडोगा सरोवराच्या उत्तरेला, तंबूतल्या शेगडीपाशी बुटांत कोरडे गवत भरता भरता मी, फिनलंडच्या सैन्यातला शिपाई ओइवा केट्टुनेन, वय एकवीस, शिक्षण चौथीपर्यंत, हे लिहायला घेतले. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. उद्या टेहळणीला जायचे आहे आणि मला अर्धवट राहिलेली कामे सोसत नाहीत.

पतपेढीतली सगळी रक्कम आईला. तिने ती खर्च करावी, माझी आठवण म्हणून जपून ठेवू नये. मामांबरोबर बांधलेल्या वाफेच्या न्हाणीघरातला माझा अर्धा वाटा बहीण साल्मेला. तापल्या दगडांवर पाणी किती ओतायचे हे यापुढे तिने ठरवावे, मामांनी नव्हे. घरच्या स्की शेजारच्या टाउनोला द्याव्यात. त्या वाकड्या आहेत असे तो गावभर सांगत फिरला. आता त्याने त्या चालवून दाखवाव्यात.

राहिली रायफल. एवढ्या गारठ्यातही ती कधी अडली नाही, कारण मी तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा भाग, पेट्रोलने धुऊन कोरडा ठेवतो आणि ती तंबूबाहेर झोपते. आत उबेला आणली की तिला घाम सुटतो आणि बाहेर नेताच तो गोठतो. शत्रूचीही रायफल याच जातीची आहे, त्याच्या गोळ्या आमच्यात चालतात. फरक सांभाळण्यात.

ही रायफल मी साल्मेचा होणारा नवरा व्हिल्यो लास्कोनेन याला देतो. अट एकच, ती आत आणायची नाही. तो आपल्या रायफलीला तेल पाजतो, जे या थंडीत थिजते, आणि शेगडीपाशी कुशीत घेऊन झोपतो. मागच्या आठवड्यात झाडीत एक शत्रू त्याच्या समोर आला. दोघांनी नेम धरला, दोन्हीकडून नुसते टक् झाले, आणि दोघेही ओशाळून मागे सरकले. परत आल्यावर व्हिल्यो म्हणाला, "तोही बिचारा तेलवालाच निघाला." आम्ही पोट धरून हसलो. पण दर वेळी समोर तेलवालाच येईल असे नाही.

साक्षीसाठी सार्जंट हिएताला यांना हे दाखवले. त्यांनी सांगितले की रायफल सैन्याची आहे, ती मला कोणाला देता येत नाही.

व्हिल्यो शेजारीच होता. ज्याला काही मिळते तो साक्षीदार चालत नाही, हे त्याला ठाऊक होते.

"म्हणजे मेव्हण्या, मला दमडीही नाही. आण इकडे, सही मीच करतो."

"आधी तुझी रायफल बाहेर ठेव."

"तिला थंडी वाजते रे."

"मग साल्मेला काळे कपडे घालावे लागतील. तिला ते शोभत नाहीत."

तो शेगडीपासून उठला. मग रायफल उचलून बाहेर गेला. सार्जंटसाहेबांची कॉफी संपली, दुसरी ओतून झाली, तेव्हा तो हात चोळत परत आला.

सबब रायफलीचे कलम मी रद्द करीत आहे. बाकी सर्व कायम.

सही: ओइवा केट्टुनेन
स्थळ: तंबू. वेळ: पावणेचार, तारीख वरचीच.

साक्षीदार:
१. सार्जंट आल्पो हिएताला
२. व्हिल्यो लास्कोनेन (सहीवरचा डाग त्याच्या हाताच्या पेट्रोलचा आहे. तो खाडाखोड समजू नये.)