एकेक बोट

रविवार, संध्याकाळ

कार्टून म्हटलं की लहान मुलांचं, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की माझ्या रियाने ती मालिका लावली तेव्हा मीच सासूबाईंची खुर्ची टीव्हीसमोर ओढली. म्हटलं, रंगीत आहे, बघतील. "मम्मी, हे मोठ्यांसाठीचं आहे हां," रिया म्हणाली. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

लाल केपवाला, उडणारा, अख्खं शहर वाचवणारा हीरो. पडक्या पुलावरून लोंबकळणाऱ्या एका म्हातारीला त्याने हाताने धरलेलं. आजूबाजूला बघायला कोणी नाही. तर हिंदीत शांतपणे म्हणाला, "बस, थक गया." आणि एकेक बोट उघडलं. पुढचं रक्तबिक्त मला एवढं लागलं नाही. ती बोटंच डोळ्यांसमोरून जात नाहीत. रागाने सोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं का? तो नुसता दमला होता.

पॅरालिसिसनंतर तीन वर्षं मी सासूबाईंना धरून बाथरूमला नेतेय. शेजारची भाभी म्हणते, "आप तो देवी हो." त्या हीरोलाही लोक असंच काहीतरी म्हणायचे.

एपिसोड संपल्यावर त्यांना उठवलं. बाथरूमच्या दाराशी त्या थांबल्या. तीन वर्षांत कधी विचारलं नाही ते आज विचारलं, "धरलंयस ना गं?"

"हो," मी म्हटलं. पण त्याआधी मी माझ्या बोटांकडे बघितलं. आणि ते त्यांनी बघितलं.