सहा डिसेंबरची अंधारी खिडकी

३० नोव्हें., दोहा
कॉलेजात इतिहासाचे सर म्हणाले होते, "लहान देशांना इतिहास नसतो, शेजारी असतात." वर्ग हसला. मीही. फिनलंडवरचं कुमारांसाठीचं पुस्तक लिहिताना रोज आठवतं ते. आधी स्वीडन, मग रशियाचा झार. मधे ही माणसं, घरात फिनिश, कचेरीत साहेबाची भाषा. आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. लेकीला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. "आई, हू केअर्स?"

२ डिसें.
पुण्याहून प्रकाशकांचा फोन. "ताई, छानच. पण हीरो कुठाय? एखादा घोड्यावरचा द्या की."
म्हटलं, तिथे लोकांनी आपल्या भाषेच्या शाळा काढल्या, स्वीडिश आडनावं बदलून फिनिश घेतली. झार कोसळल्यावर संसदेने स्वातंत्र्य जाहीर केलं.
"म्हणजे मीटिंग घेतली!"
स्वतःच्याच विनोदावर हसत राहिले. तलवारीशिवाय स्वातंत्र्य दिसतच नाही या माणसाला. मुखपृष्ठावर तलवारच खपते ना.

६ डिसें.
त्यांचा स्वातंत्र्यदिन. माझ्या पुस्तकात मी लिहिलंय, आज तिथे घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. म्हणून दोन मेणबत्त्या आणि बेसनाचे लाडू घेऊन समोरच्या फ्लॅटमध्ये, आइनोकडे. फिनिश आहे, इथल्या शाळेत शिकवते. लाडू घेतले. मेणबत्त्या परत दिल्या.
"आमच्या घरी नाही लावत."
मग हळूहळू... स्वातंत्र्यानंतर लगेच यादवी. तिचे पणजोबा कामगारांच्या बाजूचे, म्हणजे लाल. हरले. जिंकलेल्यांच्या कैदी छावणीत उपासमारीने गेले. जिंकलेलेही फिनिशच. त्यानंतर पणजीने या तारखेला खिडकीत उजेड ठेवला नाही.
आणि मी 'घरोघरी' लिहून मोकळी. शहाणी!

८ डिसें.
यादवीचं प्रकरण लिहिलं. आइनोला विचारून. "नाव नको. खिडकी चालेल." पुण्याला पाठवलं.

११ डिसें.
प्रकाशक: "मेणबत्त्या ठेवू, गोड आहेत. छावणी काढू. आपसातली भांडणं पोरांना कशाला? स्वातंत्र्य मिळालं, खलास! तुमच्या कतारात म्हणतात ना?"
यांना एकच अरबी शब्द येतो, तोही माणसं पुसायला. पुस्तक जानेवारीत छापायला जाणार, प्रकरणाशिवाय.
जिन्यात आइनो भेटली. काही विचारलं नाही तिने. तेच लागलं.

१२ डिसें.
भांडून उपयोग नाही. कागद वाया जातो म्हणतील, वेड लागलंय म्हणतील, शेवटी नाहीच म्हणतील. तरी मेल केली: प्रकरण काढणारच असाल तर तेवढी पानं कोरी सोडा. पानांचे आकडे मात्र छापा. इथे काय होतं, हे एखाद्या पोराला तरी विचारू द्या.