हक्कसोड

१० मार्च, मंगळवार
साळवी सर मेअखेर निवृत्त होणार. आज स्टाफरूममध्ये त्यांनीच सांगितलं. सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मधुराकडे. सेवाज्येष्ठतेनं मुख्याध्यापकपद माझ्याकडे येतं. मधुरा माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी लागली. पण ती अण्णांची सून आणि अण्णा संस्थेचे अध्यक्ष. अभिनंदन कुणीच केलं नाही. विषय उन्हाळ्यावर गेला.
घरी आले तर आयेला आधीच कळलेलं. "नंदे, तुला मोठी बाय करतायत म्हनं." हे सांगताना हसली नाही.

१४ मार्च
मधुरानं गाडीतून वाडीच्या फाट्यापर्यंत सोडलं. वाईट नाही मुलगी. पुण्याला शिकलेली. तपासणीला साहेब आले की ती इंग्रजीत बोलते आणि साहेब सावरून बसतात. मी बोलायला लागले की मोबाईल बघतात. मुलांना कोण काय शिकवतं हा प्रश्नच नसतो त्यात.
उतरताना म्हणाली, "ताई, अण्णा बोलणार आहेत तुमच्याशी."
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

२० मार्च
अण्णा शाळेत. वर्गावरून बोलावणं आलं. ऑफिसात साळवी सर, मधुरा, मी. तिला "मॅडम, बसा." मला "सुनंदा, तू पण बस." बाबा त्यांच्या आंब्याच्या बागेत राखणीला होते, म्हणून मी जन्मभर तू. कधी खटकलं नव्हतं. आज खटकलं.
"तुझा बाप पेट्या उचलायचा. तू आज मास्तरीण आहेस. आम्हाला अभिमान आहे गो. पण शाळेला आता देणगीदार आणायचेत, कंपन्यांची माणसं येणार. त्यांच्यासमोर कोण बसणार, तू विचार कर."
मग म्हणाले, हक्क सोडल्याचं दोन ओळींचं पत्र दे. घाई नाही. जाताना पुन्हा, घाई नाही हां.
साळवी सर पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं.

२१ मार्च
खरं सांगायचं तर कालपर्यंत मला ती खुर्ची फारशी नकोच होती. पगारबिलं, कटकट, ऑडिट. पण एक गोष्ट मनात होती. प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप असतं, पाहुणे आले की उघडते. ती मी रोज उघडली असती. दहावीच्या पोरी परीक्षानळी फक्त चित्रात बघतात. मीही तशीच शिकले, याच शाळेत.
एवढंच. कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही.

२८ मार्च
मुंबईहून ह्यांचा फोन. गावच्या मुंबई मंडळाची चार माणसं खोलीवर येऊन गेली. शाळेला पैसा मंडळाचाच, आणि मंडळ अण्णांच्या शब्दाबाहेर नाही.
"काय म्हणाले?"
"काहीच नाही. चहा घेतला. खोली भाड्याची का स्वतःची विचारलं. कंपनीत कुठल्या खात्यात असता विचारलं. गेले."
"मग?"
"मग काय. म्हणूनच फोन केला."

६ एप्रिल
रजा टाकून लांज्याहून एसटीनं रत्नागिरीला. नियम नक्की काय तो एकदा स्वतः विचारावा म्हटलं. शिक्षण खात्याच्या ऑफिसातल्या वयस्क बाईंनी नीट ऐकून घेतलं. पत्र दिलं नाही तर पद माझंच. अगदी स्पष्ट बोलल्या. मी पिशवी उचलली तेव्हा हळूच म्हणाल्या, "नियम तुमच्या बाजूनं आहे बाई. पण नियम काही एसटीत बसून तुमच्याबरोबर गावाला येत नाही."
संध्याकाळी फाट्यावर उतरले तर दुकानवाला म्हणतो, "काय बाई, रत्नागिरीला काम झालं का?"
मी कुणालाही सांगून गेले नव्हते.

१८ एप्रिल
दुपारी शाळेतून आले तर आये अंगणात उन्हात उभी. मोजणीवाले येऊन गेले. तिपाई, यंत्र, लाल झेंड्या. आमचं घर बाबांनी बांधलं, चिरे बाबांनी डोक्यावरून आणले, पण घराखालची जमीन अजून अण्णांच्या घराण्याच्या नावावर आहे. पूर्वीचे खोत ते. आम्ही त्यांची कुळं. वाडीतली बहुतेक घरं अशीच आहेत. आजवर कुणी विषय काढला नव्हता.
आये सारखी तेच तेच. "त्यांनी ह्या झेंड्या चुलीच्या भायेरच लावल्यानी. मी बोल्लं, पानी पिता काय? तर नाय बोल्ले."
पाणी घेतलं नाही याची तिला जास्त भीती वाटली.
वाडीत मोजणी फक्त आमच्या घराची झाली.

१९ एप्रिल
आये जेवली नाही. "देवन टाक त्यांचा त्यांना. आपल्याला काय करायची हाय ती खुर्ची? ह्या वयात मी खय जाव?"
तिच्यावर ओरडले. मग वाईट वाटलं. ती चुकीचं काय बोलली, सापडत नाही.

३० एप्रिल
निकाल लावून झाले. वर्गात मधुरा आणि मी दोघीच उरलो. मी मोजणीचं विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. चेहरा खरोखर उतरला तिचा.
"ताई, मी हे मागितलेलं नाही."
"मग नको म्हणून सांग घरी."
बराच वेळ रिझल्टचे कागद जुळवत राहिली. "माझं लग्न ठरतानाच ठरलं होतं हे. सून बीएड बघितली ती उगीच नाही. मी नाही म्हटलं तर मला त्या घरात कोण विचारतं?"
मग तीच म्हणाली, "आणि तुम्हाला खरं सांगू? मला जमेल ते. मी चांगली करीन शाळा."
करीलही. राग त्याचाच आला. तिला अजून काही करून दाखवायच्या आधीच सगळे मानतात की जमेल. मी एवढी वर्षं करून दाखवतेय.

११ मे
ठरवलं. पत्र देते. ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "बरं." सुटल्यासारखं वाटलं असणार त्यांना. मलाही वाटलं. आयेनं आज पोटभर भात खाल्ला.

१२ मे
सकाळी पत्र घेऊन अण्णांच्या घरी. पडवीत बसवलं. कोकम सरबत आलं. अण्णांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.
"स्वेच्छेनं हक्क सोडते... हे ठीक. पण कारण नाही लिहिलंस. उद्या कोणी म्हणेल दबाव आणला. कारण घाल."
"काय कारण?"
त्यांनी तयारच ठेवलेलं, तोंडपाठ. "या पदासाठी लागणारी प्रशासकीय क्षमता व इंग्रजीचे ज्ञान माझ्याकडे नाही, मी स्वतःस या पदासाठी सक्षम समजत नाही."
आतल्या दाराशी मधुरा उभी होती. तिनं मान खाली घातली आणि आत गेली.
मी म्हटलं, "पद घ्या अण्णा. हे नाही लिहिणार."
"शब्दच तर आहेत गो."
"म्हणूनच."
पत्र त्यांच्या हातातून घेतलं, घडी केली. सरबत तसंच राहिलं. अण्णा उठले नाहीत, चिडलेही नाहीत. मी पायरी उतरले तेव्हा शांतपणे म्हणाले, "बरं. तुम्ही या आता."
तुम्ही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
फाट्यापर्यंत चालत आले.

१३ मे
आयेला सांगितलं. दुपारी बघते तर ट्रंकेतून बाबांचा फोटो काढून पिशवीत भरत होती. जायचं ठरल्यासारखी.

३१ मे, रविवार
साळवी सरांचा निरोप. अण्णांचं भाषण, शाल, श्रीफळ. माझं नाव कुठेच नाही. मधुराचंही नाही. हे जास्त विचित्र.
शेवटी मी सरांना विचारलं, चार्ज कुणाकडे?
"संस्था कळवील." मग इकडेतिकडे बघून, "बाई, माझी पेन्शन अजून व्हायची आहे हो."
मला त्यांचा राग आला नाही. त्यांनीही कधीतरी असंच कुणाकडून पत्र लिहून घेतलेलं बघितलं असणार, किंवा स्वतःच घेतलं असेल.

५ जून
मंडळाची माणसं ह्यांच्याकडे पुन्हा. या वेळी चहा घेतला नाही. हे म्हणाले, "मी येतोय गावाला." मी म्हटलं, नोकरी? म्हणाले, "बघू." असा ठाम आवाज लग्नानंतर ऐकला नव्हता त्यांचा.
वाडीतल्या बायका विहिरीवर मी आले की गप्प होतात. फक्त शेजारची वहिनी कळशी उचलून देताना पुटपुटली, "लिव नको हां बाय तू." आणि भराभर निघून गेली.

८ जून
सकाळी मधुराचा फोन. खालच्या आवाजात. "ताई, अण्णा तुमच्याकडे यायला निघालेत." "इथे? वाडीत?" "हो. स्वतः. काय बोलणार मला माहीत नाही, शप्पथ." पलीकडे कुणीतरी आलं असावं, फोन बंद झाला.
अण्णा आमच्या वाडीत कुणाच्याही घरी आलेले मला आठवत नाही. बाबा गेले तेव्हाही माणूस पाठवला होता.
हे मुंबईहून दुपारच्या गाडीनं पोचतील. तोवर आम्ही दोघीच. आयेनं अंगण झाडून घेतलं, मग पुन्हा झाडलं. तिला म्हटलं, ते आले की तू उठायचं नाही. बसून राहायचं. "व्हय," म्हणाली.
त्यांना काय सांगायचं, अजून ठरलेलं नाही. काय सांगायचं नाही, तेवढं ठरलंय.
चढावावर अण्णांची गाडी वाजते आहे. थांबली. दारं लागली, एकामागून एक. एकटे नाहीत.
आये उभी राहिली आहे.