उपकेंद्रावरची ताडपत्री

३ एप्रिल
आरोग्य उपकेंद्राच्या गच्चीवर सोलर बसलं एकदाचं. बावीस वर्षं तिथं नर्स होते, बावीस वर्षं अर्ज केले. मी घरी बसल्यावर आलं. बसलंय, सुरू नाही. पाहुणे फीत कापतील तेव्हा सुरू. कात्री मात्र आणून ठेवली आहे, ताटासकट.

९ एप्रिल
पाहुणे आले नाहीत. लग्नसराई, म्हणे.
भाची कविता बाळंतपणाला आली. पहिली खेप, आई नाही पोरीला. बाळंतपण उपकेंद्रातच. तिथल्या गच्चीला चुन्याचे दोन हात मारून घेतले, खोली जरा सोसवते. दुपारची वीज नसतेच.

१६ एप्रिल
निवडणूक लागली. आचारसंहिता. पॅनेलांवर पाहुण्यांच्या नावाची पाटी आहे, ती झाकायची होती. ग्रामसेवकानं अख्खी पॅनेलं झाकली. काळी ताडपत्री, वर दोर.
म्हटलं, "नाव झाका ना. सूर्य कायले झाकून राह्यले?"
"बाई, सारंच झाकलं का वांधा नाही राहत."
लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की मदर बोटांवर पट्टी मारायची. याला चार दिवस तिच्या हाती द्यायला हवं होतं.

२० एप्रिल
तात्पुरती सोय म्हणून डिझेलचं जनरेटर. ठेवलं कुठं, तर बाळंतपणाच्या खोलीच्या खिडकीखाली. धूर सरळ आत. वर फुकटचं ऊन झाकलेलं, खाली डिझेल जळतंय. आणि याला सोय म्हणायचं.
कविता म्हणाली, "मावशी, लेकराले पह्यला वास याचाच येईन का?"
उठून खिडकी लावून घेतली.

२७ एप्रिल
सकाळी कळा सुरू. अकराला वीज गेली. बाराला जनरेटर बंद, डिझेल संपलं. ते आणायला माणूस मंगरूळपीरला गेला, तोही बसनं. खोलीत भट्टी. कविता घामानं निथळत होती, नवी सिस्टर वहीनं वारा घालत होती.
कपाटातली ती फितीची कात्री घेतली. जिना, गुडघे... असो. दोर कापले. ताडपत्री खाली ढकलली. खाली येऊन सोलरचा मेन स्विच वर केला. पंखा फिरला.
तीन वाजता मुलगी. धूर नव्हता.

२८ एप्रिल
नोटीस. तीन दिवसांत खुलासा.
ग्रामसेवक म्हणाला, "बाई, हे तं तुमीच उद्घाटन करून टाकलं." दुपारी नवी ताडपत्री येणार आहे.
माय-लेक अजून आतच. सिस्टर परवापर्यंत सोडत नाही.
जेवले. आता जाऊन गच्चीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसते. कात्री परत केलेली नाही.